‘गोड मानून घेऊ’ हे वाक्य कार्यवृत्तातून काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
आधार-निवास गृहयोजना कक्ष,
दुसरा मजला (फक्त जिन्याने),
कोपरखैरणे, नवी मुंबई.

अर्जदार : श्रीमती चांगुणाबाई गंगाराम तांबे, वय अंदाजे ५८, काम : घाऊक बाजारात कांदे निवडणे, राहणार : पत्र्याची खोली, बोनकोडे गावठाणामागे. मूळ गाव तालुका संगमेश्वर.

विषय : दि. ९ जानेवारी १९९५ च्या सभेत अर्जदार बाईंनी उच्चारलेले एक वाक्य कार्यवृत्तातून काढून टाकणे, आणि त्या वाक्याच्या आधारे आराखड्यातून काढलेला उतार बांधून मिळणे.

संदर्भ : १) सदर सभेचे कार्यवृत्त. २) आपली ताबा-सूचना, दि. ३ नोव्हेंबर १९९७. ३) अर्जदार बाईंचे यापूर्वीचे चार अर्ज. ४) आपली त्यांपैकी दोन अर्जांना आलेली उत्तरे.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्या बोलल्या ते आपल्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर टंकयंत्र घेऊन बसणाऱ्या अर्जलेखकाने कार्यालयीन मराठीत उतरवले आहे. जिथे माणसांचे शब्द जसेच्या तसे ठेवणे भाग पडले, तिथे ते अवतरणचिन्हांत ठेवले आहेत. अर्ज लांबला आहे याची अर्जलेखकास जाणीव आहे. आपल्याकडे लांब अर्ज वाचत नाहीत हेही तो जाणतो. पण बाईंचे आधीचे चारही अर्ज एकेका पानाचे होते आणि तेही कुणी धड वाचल्याचे दिसत नाही. तेव्हा आखूडपणाने काही साधते असा अनुभव नाही.

२. बाईंचे पती श्री. गंगाराम तांबे हे तुर्भ्याच्या एका गोदामात हमाली करत. सन १९८८ मध्ये थप्पी कोसळून पोती पाठीवर आली आणि कमरेखालचे अंग गेले. गोदामवाल्याने इस्पितळात एकदा संत्री पाठवली आणि नंतर कानांवर हात ठेवले. तेव्हापासून गंगाराम एका फळीवर बसून हिंडतात. फळीखाली चार बेअरिंगची चाके आहेत आणि जमिनीला रेटा द्यायला हातांत लाकडी ठोकळे. दिवसभर खोलीच्या दारात बसून ते स्टो दुरुस्त करतात. पिन मारतात, वायसर बदलतात, बर्नर साफ करतात. गिऱ्हाईक स्टो घेऊन येते, समोर उकिडवे बसते, दोन घटका गप्पा मारते आणि जाते. गंगारामांच्या आयुष्यात माणसे येतात ती एवढ्या एका कारणाने. हे कृपया ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सगळे प्रकरण यावरच उभे आहे. दारात माणूस यायचा तर ते दार जमिनीच्या जवळ असावे लागते, नाहीतर दारातल्याला जमिनीपर्यंत उतरता यावे लागते.

३. सन १९९४ मध्ये आपल्या कक्षाने ‘आधार-निवास’ योजना जाहीर केली. ज्या गरीब घरात अपंग, अंथरुणाला खिळलेले किंवा एकटे म्हातारे माणूस आहे, अशा अठ्ठेचाळीस कुटुंबांना परवडेल असे, राहण्याजोगे घर द्यायचे, असे पत्रकात छापले होते. तळमजला आणि वर तीन मजले. आराखड्याचे काम श्रीमती सुनीती देवधर या तरुण वास्तुविशारद बाईंना कंत्राटाने देण्यात आले. ही निवड नजरचुकीने झाली असावी असे अर्जलेखकाचे मत आहे, कारण सुनीतीबाईंनी ते काम मनापासून केले.

त्या तीन आठवडे बोनकोड्याला येत होत्या. बायकांबरोबर दारात बसायच्या, वहीत काहीबाही काढायच्या. एका दुपारी त्यांनी गंगारामांना ओट्यावर बसवले, त्यांची फळी घेतली आणि स्वतः तिच्यावर बसून गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. परत आल्या तेव्हा दोन्ही तळहात सोलून निघाले होते. चांगुणाबाईंनी हळद लावता लावता विचारले, "कशाला बसलात ओ बाय? लोकं हसतात." त्या म्हणाल्या, "काका रोज बसतात ना मावशी, मला एकदा बसायला काय झालं?"

त्या तळहातांतून तो आराखडा निघाला. बारा हात चालले की एक हात चढ, असा सौम्य उतार अंगणाभोवतीने वळत तिन्ही मजल्यांपर्यंत जाणार होता आणि प्रत्येक वळणावर दम खायला सपाट जागा होती. सज्जा इतका रुंद की समोरासमोरून दोन फळ्या आल्या तर कुणाला मागे सरायला नको. खाडीवरचा वारा घरातून आरपार जावा म्हणून भिंतींत समोरासमोर जाळ्या, म्हणजे पंखा नसला तरी निजून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत. खिडकी इतकी खाली की अंथरुणावरून रस्ता दिसावा. अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी, कारण ज्यांना हंडा उचलता येत नाही त्यांनी टँकरमागे कसे धावायचे? तळमजल्यावर पाळीपाळीने वापरायचे सामाईक स्वयंपाकघर आणि त्याला लागून ‘ताईंची खोली’. तिथे दिवसभर एक शिकलेली बाई बसेल, कुणाला औषध देईल, कुणाची कूस बदलेल, असे ठरले होते. म्हणजे घरातल्या बाईला दाराला बाहेरून कडी घालून कामावर जायला नको. बोनकोड्याच्या भागीरथी पाटील गेली सहा वर्षे हेच करतात. सासू आत आणि कडी बाहेर.

एका गोष्टीवरून मात्र बायकांचे आणि सुनीतीबाईंचे वाजले. त्यांनी सगळ्या घरांचे उंबरठे काढून टाकले होते. बिनउंबरठ्याचे घर म्हणजे काय घर झाले, असे सगळ्याजणी म्हणू लागल्या. तोड काढली ती गोजराबाईंनी. त्या पोलिओच्या, दोन्ही हात टेकत चालतात. त्या म्हणाल्या, "फरशीत लाल पट्टी बसवा. डोळ्याला उंबरठा असू दे, अंगाला नको." सुनीतीबाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि आराखड्यात अठ्ठेचाळीस लाल पट्ट्या आल्या. महोदय, गरिबांसाठीच्या इमारती अर्जलेखकाने कागदावर पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत राहणाऱ्याचे एक तरी वाक्य आहे अशी ही एकच होती.

४. आराखड्यास लाभार्थींची संमती घ्यावी म्हणून दि. ९ जानेवारी १९९५ रोजी बोनकोड्याच्या समाजमंदिरात सभा बोलावण्यात आली. कंत्राटी माणसाला अशा सभेस बोलावण्याची पद्धत नसल्याने सुनीतीबाईंना बोलावणे नव्हते. म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच बोनकोड्याला येऊन गेल्या. खर्चाला कात्री लावायचे वरती घाटत आहे, असे त्यांनी सांगितले. लाभार्थींनी स्वतःच्या तोंडाने मागितल्या तरच तीन गोष्टी वाचतील. "उतार, स्वयंपाकघर, ताईंची खोली. एवढंच म्हणा मावशी. लाजू नका." बोलायचे कुणी, तर चांगुणाबाईंनी, असे सर्वांनी ठरवले, कारण बाजारात अडत्याशी भांडून निवडणाऱ्या बायकांना सावलीला पत्रे मिळवून दिले ते त्यांनीच. बाईंनी त्या तीन गोष्टी करंगळीपासून बोटांवर मोजून पाठ केल्या. सकाळी कांदे निवडतानाही त्या पुटपुटत होत्या.

तत्कालीन प्रकल्प अधिकारी साहेब तासाभराने आले. त्यांचे नाव इथे देत नाही, ते आता पुष्कळ वरच्या खुर्चीवर आहेत. माणूस हसरा. बसताक्षणी चहा आला. साहेबांनी तबकातला पहिला कप उचलून स्वतःच्या हाताने चांगुणाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या आजी." बाईंच्या लहानपणी त्यांच्या गावच्या हॉटेलात त्यांच्या माणसांना चहा बाहेर, वेगळ्या कपात, वरून ओतून मिळे. त्यांच्या आईने जन्मभर तसाच घेतला. साहेबाच्या हातून कप घेताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे आणि लिहू नका असे म्हटलेले नाही.

मग साहेब म्हणाले, "हं, बोला. घरात तुम्हांला काय काय हवं?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. कपातला चहा अजून अर्धा होता. ज्याचा चहा हातात, त्याच्याकडे त्याच घटकेला आणखी मागायचे, हे बाईंच्या जिभेवर येईना. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमी द्याल ते आमी गोड मानून घेऊ."

साहेब म्हणाले, "वा, छान!" आणि उठले.

५. आता महोदय, या वाक्याचा अर्थ आपणांस समजावून सांगावा लागतो याचेच अर्जलेखकाला वाईट वाटते. आपण मराठी घरात वाढला आहात. आपल्याकडे पंगतीत वाढपी आला की पहिल्यांदा पानावर हात आडवा धरायचा असतो. दुसऱ्यांदा "पुरे पुरे" म्हणायचे असते. तिसऱ्यांदा मात्र हात आपोआप बाजूला होतो आणि पोळी पानात पडते. पहिल्या "नको"वर पुढे निघून जाणाऱ्या वाढप्याला आपण काय म्हणतो? आपल्या सासुरवाडीस पहिल्या दिवाळसणाला आपणही पहिल्या खेपेस काही मागितले नसणार. म्हणून आपणांस उपाशी ठेवले होते काय?

अर्जदार बाईंच्या वाक्याचा अर्थ एवढाच होता की, साहेब, आपण विचारलेत, मान दिलात, आता नीट विचारा. त्यांची पाठ केलेली तीन बोटे दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवलेली होती. चूक झाली ती इथेच. त्यांनी सरकारी प्रश्नाला घरच्या पंगतीसारखे उत्तर दिले. दुसरा प्रश्न आलाच नाही.

६. कार्यवृत्तात याची नोंद पुढीलप्रमाणे झाली : "लाभार्थींच्या वतीने श्रीमती तांबे यांनी, कार्यालय जे देईल ते स्वीकारार्ह राहील, असे निवेदन केले. सबब लाभार्थींची स्वतंत्र अशी कोणतीही मागणी नाही. सर्वानुमते मंजूर." त्यावरून मार्च १९९५ मध्ये टिपणी निघाली की, मागणी नसल्याने उतारमार्ग, सामाईक स्वयंपाकघर व परिचारिका-खोली वगळण्यात येत आहेत. एकदा कात्री लागली म्हटल्यावर ती थांबते थोडीच. जाळ्यांच्या जागी सपाट भिंती आल्या, खिडक्या प्रमाणित उंचीवर गेल्या, पाण्याची टाकी रद्द झाली. प्रत्येक टिपणीत कारण म्हणून तेच एक वाक्य. एका निरक्षर बाईच्या तोंडच्या वाक्याला सरकारदरबारी इतका मान मिळाल्याचे अर्जलेखकाच्या पाहण्यात दुसरे उदाहरण नाही.

लाल पट्ट्या मात्र बसवल्या आहेत. त्या सुशोभनाच्या सदरात होत्या.

७. उतार गेल्यावर निदान तळमजला तरी मिळावा अशी तोंडी विनंती बाईंनी केली. त्यावर कळवण्यात आले की, तळमजल्याच्या आठ सदनिका जिना चढू न शकणाऱ्यांनाच मिळतील आणि त्याच्या पडताळणीसाठी संबंधित इसमाने आपल्या कार्यालयात समक्ष हजर राहावे. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे आपण रोज अनुभवता. गंगारामांना शेजारच्या जयप्रकाश आणि भगवान या दोघांनी हातांचा पाळणा करून वर नेले. फळी बाईंनी काखेत धरली होती. मेजावरच्या गृहस्थांनी मान वर न करता लिहिले : "सदर इसम दुसऱ्या मजल्यावर समक्ष हजर झाला. सबब दुसऱ्या मजल्यापर्यंत जाण्यास सक्षम." त्यांना दुसऱ्या मजल्यावरची सदनिका क्रमांक २११ देण्यात आली. आपले कार्यालय तिसऱ्या मजल्यावर नाही हे त्यांचे नशीब.

गोजराबाईंना आणायला कुणी नव्हते. त्या आल्या नाहीत. त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडला आणि गैरहजरांना उरलेला तिसरा मजला मिळाला. जे आले ते सक्षम ठरले आणि जे आले नाहीत ते गैरहजर, असे करता करता तळमजल्यासाठी एकही पात्र लाभार्थी शिल्लक राहिला नाही. तशी अधिकृत नोंद आहे. मग त्या आठ सदनिका मोकळ्या ठेवून काय करायचे? म्हणून त्यांचे दुकानांचे गाळे करण्यात आले, आणि आठ कुटुंबे प्रतीक्षायादीत गेली. अपंगांसाठी बांधलेल्या इमारतीत तळमजल्यावर राहण्याच्या लायकीचा एकही अपंग नवी मुंबईत सापडू नये, याचे आश्चर्य त्या कार्यालयात कुणाला वाटले नाही.

८. आपल्या जिन्याच्या वरच्या चौकात काचेच्या पेटीत या इमारतीची पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवलेली आहे. ती सुनीतीबाईंच्या मूळ आराखड्याची आहे. तिच्यात उतार आहे. उतारावर पुठ्ठ्याचा एक माणूस चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे, सज्जात एक बाई वाळवण घालते आहे आणि अंगणात झाडे आहेत. बाजूला चौकट करून प्रशस्तिपत्रही टांगले आहे : अपंगांसाठी अल्पखर्ची व पर्यावरणपूरक गृहरचनेबद्दल. बाहेरगावची पाहुणेमंडळी आली की त्यांना ती पेटी दाखवून शाल-नारळ देऊन परत पाठवतात. सेक्टरमधली खरी इमारत दाखवायला कुणी नेत नाही. सुनीतीबाईंचे कंत्राट सन १९९५ मध्येच संपले, त्यांना प्रशस्तिपत्राच्या समारंभाचे आमंत्रणही गेले नव्हते.

पडताळणीच्या दिवशी गंगारामांना खाली नेताना जयप्रकाश-भगवान दम खायला त्या पेटीशी थांबले. गंगारामांनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "ह्यात जागा मिलल काय?" जवळून जाणारा शिपाई हसला. गंगाराम हसले नव्हते.

९. आता अर्जांबद्दल. पहिल्या अर्जास उत्तर आले की, सभेत केलेले निवेदन फक्त लाभार्थींच्या पुढील सभेतच बदलता येते. पुढील सभा कधी, असे विचारल्यावर उत्तर आले की, सभा ताबाधारक रहिवाशांची असते, सबब ताबा घेतल्यानंतर. ताबा-पत्राचे कलम ७ छापील आहे : "इमारतीच्या रचनेबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही." म्हणजे तक्रार करायची तर आधी तक्रार नाही असे लिहून द्यायचे. उरलेल्या दोन अर्जांना वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. मध्यंतरी अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला असे ऐकून बाई मोठ्या आशेने आपल्याकडे आल्या. मेजावरचे गृहस्थ म्हणाले, "कायदा नंतरचा आहे बाई. तुमचं वाक्य आधीचं आहे."

ताबा घेण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर १९९७ ही आहे. त्या दिवशी रविवार येतो आणि रविवारी आपले कार्यालय बंद असते. त्यानंतर सदनिका प्रतीक्षायादीस जाईल असे सूचनेत म्हटले आहे. दुसरीकडे, बोनकोड्याची पत्र्याची खोली मालकाने डिसेंबरपासून रिकामी करून मागितली आहे. बाईंना घर मिळाले आहे ना, मग खोली कशाला हवी, असे त्याचे म्हणणे. तेही बरोबरच आहे.

१०. गेल्या आठवड्यात बाई गंगारामांना इमारत दाखवायला घेऊन गेल्या. खालीच, जिन्यापाशी. दुसऱ्या मजल्यापर्यंत अडतीस पायऱ्या आहेत. गंगाराम फळीवर बसून वर पाहत राहिले आणि म्हणाले, "हितं इस्टो घेऊन कोन येल गो?" थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "मला वर न्याल चार जनांनी. आन खाली आनाल तेबी चारच जनांनी." वास्तविक गंगारामांना वर न्यायला दोनच माणसे पुरतात. बाईंना हिशेब लगेच कळला. त्यांनी फळी वळवली आणि घरी परत आणली.

इमारतीत घर मिळालेली माणसे आता बाईंशी धड बोलत नाहीत. भागीरथी पाटील भर नळावर म्हणाल्या, "तूच बोललीस नं गो. आता बस पायऱ्या मोजत. आमची सासू तर मेल्यावरच खाली येल, तुज्या गोड तोंडाने." याच भागीरथीबाई त्या सभेत बाईंना कोपराने ढोसून उठवत होत्या. पण बाई त्यांना दोष देत नाहीत. दोष त्या स्वतःलाच देतात आणि अर्जलेखकाला मुख्यतः याचा राग आहे. उतार कात्रीने कापणारे, पडताळणी करणारे, गाळे पाडणारे आणि पेटीला काच बसवणारे सगळे सुखाने झोपतात. झोप उडाली आहे ती एकट्या चांगुणाबाईंची. का, तर त्या सौजन्याने वागल्या. "माज्या जिभेनं मी मान्साला कोंडला," असे त्या अर्ज सांगताना म्हणाल्या. त्यानंतर त्यांना पाणी द्यावे लागले आणि टंकलेखन थांबवावे लागले.

११. तरी मेहेरबानांस विनंती की,

(अ) अर्जदार बाईंचे सदर वाक्य कार्यवृत्तातून काढून टाकावे, आणि ते काढता येत नसल्यास त्यापुढे, बाईंचे बोलणे अपुरे राहिले होते, अशी नोंद करावी.

(ब) त्या वाक्याच्या आधारे काढलेल्या सर्व टिपण्या रद्द करून मूळ आराखड्यातील उतार बांधून मिळावा. अंगणाची जागा अद्याप मोकळी आहे. सध्या तिथे आपल्या कक्षाची जीप उभी असते.

(क) कलम ७ वर अंगठा न देता बाईंना ताबा मिळावा. उतार होईपर्यंत आठ गाळ्यांपैकी एक, जो अजून कुणी घेतलेला नाही, तो गंगारामांना स्टो दुरुस्तीसाठी आणि राहण्यासाठी द्यावा.

स्वयंपाकघर आणि ताईंची खोलीही हवीच आहे. पण सगळे एकदम मागितले की काहीच मिळत नाही, असे बाई म्हणतात. त्यांनी ते आता शिकून घेतले आहे.

१२. बाईंचे बोलणे अपुरे राहिले होते यास पुरावा काय, असे आपण विचाराल. पुरावा आहे. प्रस्तुत अर्जलेखक दिनानाथ शंकर पोतनीस हा एप्रिल १९९६ पर्यंत आपल्याच कक्षात लघुलेखक होता. ९ जानेवारीच्या सभेत साहेबांच्या डाव्या हाताला वही घेऊन बसलेला इसम तोच. कार्यवृत्त त्यानेच टंकलिखित केले आहे. "स्वीकारार्ह राहील" हा शब्दप्रयोग साहेबांचा नाही, अर्जलेखकाचा आहे. साहेबांनी फक्त "ते चांगल्या भाषेत घाला" एवढेच सांगितले होते.

साहेब उठले, सगळे उठले, खुर्च्या वाजल्या, बायका बाहेर पडू लागल्या. चांगुणाबाई उभ्याच होत्या. डाव्या हातात कप होता. उजव्या हाताची करंगळी अंगठ्याने धरलेली होती आणि ओठ किंचित उघडे होते. त्या साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होत्या. अर्जलेखकाने हे पाहिले आणि त्याला ते पुरते समजले, कारण त्याची आईही असेच करायची. लग्नकार्यात कुणी लुगडे दिले की आधी "कशाला उगीच" म्हणायची आणि मग ओठ तसेच ठेवून वाट पाहायची. "साहेब, बाईंना आणखी काही बोलायचं आहे," एवढे सहा शब्द त्या वेळी पुरले असते. अर्जलेखकाने वही मिटली. जीप चालू झालेली होती आणि साहेबांबरोबर गेले नाही तर वाशीपर्यंत बस बदलत जावे लागले असते. लघुलेखकाने सभेत बोलायचे नसते असाही नियम आहे. तो नियम अर्जलेखकाने नोकरीची छत्तीस वर्षे पाळला.

हा परिच्छेद बाईंना माहीत नव्हता. त्या या टंकयंत्रापाशी आल्या त्या फक्त फाटकाजवळचा पहिला अर्जलेखक हाच म्हणून. त्यांनी याला ओळखलेही नाही. अंगठा घेण्यापूर्वी संपूर्ण अर्ज वाचून दाखवणे बंधनकारक असल्याने हा परिच्छेदही त्यांना वाचून दाखवला. त्या चिडल्या नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "तुमी तितं व्हतात. तुमाला कळलावतं. मंग साहेबांनी नाय तर नाय, तुमी का नाय इचारलंत परत?"

प्रश्न बाईंच्या सांगण्यावरून अर्जात जसाच्या तसा घेतला आहे. त्याचे उत्तर कार्यालयाकडून मिळाले तरी चालेल.

आपली नम्र, परंतु यापुढे काहीही गोड मानून न घेणारी,

चांगुणाबाई गंगाराम तांबे
(डाव्या हाताचा अंगठा)

वाचून दाखवून, समजावून सांगून अंगठा घेतला :
दि. शं. पोतनीस, अर्जलेखक

कोपरखैरणे, दि. २० नोव्हेंबर १९९७

सोबत :
१) सभेच्या कार्यवृत्ताची प्रत.
२) ‘दुसऱ्या मजल्यापर्यंत जाण्यास सक्षम’ या शेऱ्याची नक्कल.
३) सिव्हिल सर्जनचा अपंगत्वाचा दाखला.
४) ताबा-पत्र, कलम ७ पुढे अंगठा न देता.
५) अर्जलेखकाची दि. ९ जानेवारी १९९५ ची लघुलिपीची वही, मूळ, बाईंच्या खऱ्या शब्दांसह. सेवानिवृत्तीच्या वेळी ती जमा केली नव्हती. त्याबद्दल अर्जलेखकाच्या निवृत्तिवेतनावर होणारी कारवाई त्यास मान्य आहे.